खाऱ्या बोअरची वाम

दुष्काळाच्या त्या साली गावात सगळ्यांच्या बोअरला फुफाटा लागला, माझ्या एकट्याच्या बोअरला समुद्र लागला. साडेसातशे फुटांवर पाणी आलं, पण इतकं खारट, की आमच्या म्हशीनं एकदा तोंड लावलं आणि पुढं तीन दिवस माझ्याकडं पाठ करूनच दूध दिलं. मी गावच्या दूध संस्थेचा चेअरमन. चेअरमनच्या बोअरला खारं पाणी लागणं म्हणजे विरोधकांना फुकटात भरून मिळालेली सभा. तेव्हा पारावर उभं राहून मी जाहीर केलं, की समुद्री मासे पाळायचेत म्हणून हे पाणी मुद्दामच काढलंय. जाहीर केल्यावर पाळावेच लागले.

चार फुटी काचपेटी आणली. खारेपणा कमी पडला तर माशांच्या दुकानातलं मीठ टाकायचं, आणि डिग्री, म्हणजे दाटपणा, संस्थेच्या दूध तपासायच्या लॅक्टोमीटरनं बघायची. समुद्राची डिग्री पंचवीस भरते. एवढ्या डिग्रीचं दूध मी पाणचट म्हणून रोज परत पाठवत होतो, त्यामुळं समुद्राबद्दलचा माझा आदर जरा कमीच झाला.

पेटीत दोन नारिंगी मासे सोडले, बोटाच्या पेराएवढे. त्यांचा ताबा बायकोनं घेतला. तिच्या हातचं सोडून ते खात नसत; ती माहेरी गेली की उपास धरत. खोटं कशाला सांगू, एकदा चतुर्थीलाही धरला होता. पाच गावचे लोक बघायला येत. त्यातल्या एकानं नाक मुरडलं. "चेअरमन, एवढा समुंदर केला अन् त्यात दोन भजी सोडली व्हय? एखादी वाम तरी टाका!"

वाम म्हणजे गोदावरीत मिळतो तो सापासारखा लांब मासा. माझ्या पेटीला समुद्रातली, आणि लहान चणीची हवी होती. बायको म्हणाली, "आना की. पन माझ्या दोघांतलं एक जरी कमी झालं, तर त्या पेटीत मी म्हशीची पेंड भिजवीन. ध्यानात ठिवा."

अंबाजोगाईला माशांचं दुकान होतं. मालक आधी ट्रकांचे रेडिएटर दुरुस्त करत. त्यांनी दोन वामी दाखवल्या. "दोन्ही छोट्याच राहनार, चेअरमनसाब." पहिली पांढरी, अंगावर काळे ठिपके. ती सारखी तोंड उघडत होती, मिटत होती. दुसरी तपकिरी, नळीत अंग चोरून, तोंड गच्च मिटून बसलेली.

इथं माझा अनुभव कामाला आला. संस्थेचं संचालक मंडळ मी कायम बिनविरोध निवडून आणलंय. त्याची रीत एकच, सभेत तोंड उघडणारा माणूस यादीत घ्यायचा नाही.

"ही बडबडी नको," मी म्हणालो. "ती गप हाय ती द्या."

"अहो साब, ती बोलत न्हाई, श्वास घेती. दात बघा, दात!"

"आमच्यात कुनाला तोंड उघडायला लावत न्हाईत."

"तुमची मर्जी," ते म्हणाले, आणि जाळी उचलली.

आठ दिवस तपकिरी वाम आदर्श संचालकासारखी वागली. दिसली नाही, हलली नाही, कशाला हरकत घेतली नाही. येईल त्याच्यापुढं मी तिचे गोडवे गायले. नवव्या दिवशी सकाळी बायकोनं पाण्यात हात घातला, तर एकच मासा आला. तिनं हात तसाच ठेवला. मी म्हणालो, "दगडामागं असंल." तिनं हात काढून पदराला पुसला आणि म्हणाली, "हिला भाईर काढा." उरलेल्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तेवढी पेटी वाचली.

दुधाच्या किटलीत वाम घालून आम्ही दोघं निघालो. मांजरसुंब्याला एस्टी बदलली. किटली बायकोच्या मांडीवर, झाकणावर तिचा हात. सगळ्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती.

दुकानात तिनं मला मागं सारलं. "भाऊ, दोघींचे दात दाखवा."

मालकांनी चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून दोघींपुढं नेला. तपकिरीच्या तोंडात सुया होत्या. ठिपक्यावालीचे दात ज्वारीच्या दाण्यासारखे बोथट.

"ही खेकडी फोडून खाती, भाभी. माशाच्या वाटंला सहसा जात न्हाई. सुईवाली मासेच धरती."

"मंग ह्यान्ला कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं की. पन चेअरमन हायत ते."

ठिपक्यावाली घरी आली. पेटीत सोडल्यापासून तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. नारिंगी मासा कोपऱ्यातून निघाला आणि सरळ तिच्या जबड्यासमोरून चालला. तिचं तोंड उघडलं, मिटलं. मासा पलीकडं पोचला. बायकोनं पाण्यात हात घातला. तो वर आला, तिच्या बोटावरचं खाल्लं, आणखी मागायला थांबला.

तेव्हा तिनं सकाळपासून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"बसा," म्हणाली, "वाढते."