सुट्टीत मला भुताची गोष्ट हवी होती

मनमाडहून निघाले तेव्हा थंडीने बोटं वाकत नव्हती. मी रेल्वेत कारकून आहे. नाताळात पहिल्यांदाच सलग पाच दिवस रजा मिळाली होती, आणि ती गोधडीत लोळून गोष्टी वाचण्यात घालवायची असा बेत होता. त्यासाठी पुस्तकं आणायला नाशिक गाठायचं होतं.

निफाडपर्यंत द्राक्षबागांवर धुकं होतं. नाशिकरोडला उतरून बसने शहरात आले, मिसळ खाल्ली, ठसका लागला आणि डोळे पुसतच पुस्तकांच्या दुकानात शिरले.

तासभर रमले. भुताच्या बेटाची एक कादंबरी, एक हेरकथा आणि एक जाडजूड प्रेमकथा निवडून काउंटरवर ठेवली. सवलतीच्या कार्डासाठी दुकानदाराने नाव विचारलं. सांगितलं. आमच्या आडनावावरून घर बौद्धांचं हे लगेच कळतं.

"अच्छा, अच्छा," म्हणत त्यांनी माझी पुस्तकं बाजूला सारली आणि मागच्या फळीवरून दोन आत्मचरित्रं नि राज्यघटनेवरचा ग्रंथ काढला. "ताई, तुमच्यासारख्यांनी हे वाचायला हवं. ते काय, टाइमपास!"

माझी कानशिलं तापली. "ही तिन्ही घरी आहेत. वडिलांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलीत. परीक्षा घेताय का?"

"रागावू नका, मी चांगल्या भावनेने..."

"आत्ता माझ्या आधीच्या बाई प्रेमकथाच घेऊन गेल्या. त्यांना का नाही सांगितलंत?"

माझ्या मागे मखमलाबादची एक फुलवाली मावशी नातीसाठी पुस्तक घ्यायला उभी होती. ती म्हणाली, "द्या ना ओ शेठ तिला पाहिजे ते. माणूस दमतं, मग त्याला लय लांब जावंसं वाटतं." मग मला विचारलं, "त्यातलं भूत चांगलं हाय का वाईट?"

"वाचल्यावर कळेल, मावशी."

"मंग मलाबी तेच द्या. नात वाचून दाखवंल."

माझ्या तिन्ही पुस्तकांचे पैसे दिले आणि कार्ड न घेताच मी बाहेर पडले.

परतीच्या गाडीत बेटाची कादंबरी उघडली. डोळे ओळींवरून फिरत होते, मनात मात्र त्या माणसाला द्यायची राहिलेली उत्तरं. वडिलांनी ते ग्रंथ वाचायला लावले ते मी कुठेही जावं, काहीही मागावं म्हणूनच ना? मग दमल्यावर एका बेटावर जायला मला कारण का द्यावं लागावं?

सुट्टीत तिन्ही पुस्तकं संपवली. भुताचं मात्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचावं लागलं. गाडीत वाचलेली चाळीस पानं त्या माणसाने खाल्ली होती.