ओढता पाय

सांतो दोमिंगो या कॅरिबियन शहरातल्या चौकात संध्याकाळी बँड सुरू झाला, आणि बघता बघता सगळे नाचायला उठले. बाकावर उरलो आम्ही दोघंच. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझा डावा पाय जरा ओढला जातो, म्हणून चारचौघांत मी बेतानं चालते. पण समोर पाहिलं तर जो तो एक पाय किंचित ओढतोय! मेरेंगे हा त्यांचा नाचच तसा. एका गावातलं व्यंग दुसऱ्या गावात ठेका होऊन बसतं, आणि तिथे ते लोक काय ऐटीत मिरवतात!

मी उठले.

"अगं, गुडघा!" हे म्हणाले.

"तुम्हीच जपून या," मी म्हटलं, "तुम्हाला शिकावं लागेल. माझा रियाज झालाय."