काकींचं एकच अक्षर

नानांना कॉम्प्युटरवर एकच अक्षर टाइप करता यायचं. धुळ्यात माझं डीटीपीचं दुकान, समोर नानांचं कापडाचं. त्यांच्या घरची पत्रिका असो की पूजेचं आमंत्रण, मजकूर मी लावायचा आणि वरचा जैन ओंकार नानांनी. मला खुर्चीवरून उठवायचे, एका बोटानं ए, आठ, एफ, डी दाबायचे, मग ऑल्ट आणि एक्स. कोड जाऊन ओंकार उमटला की म्हणायचे, "आला बघ. बस आता तू."

हा ओंकार आपल्या नेहमीच्या ॐपेक्षा वेगळा. त्याला कीबोर्डवर कळ नाही, बहुतेक फॉन्टमध्ये तो नसतोच. मीच शोधून एक फॉन्ट उतरवला होता. समोरच्याकडे तो नसला की त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. नाना रोज सकाळी सगळ्या गोतावळ्याला मोबाईलवर ओंकार पाठवायचे आणि जळगावची भाची विचारायची, "मामा रोज डबा का पाठवतात?" मी कानीकपाळी ओरडायचे की चित्र करून पाठवा, कुठेही दिसेल. पण नाना कसले ऐकतात. "चित्र नाही, अक्षर आहे ते."

काकी गेल्यावर कळलं हा हट्ट कशापायी. "तुझी काकी शाळेत गेली नाही," नाना म्हणाले. "एवढं एकच लिहायची. रोज, उंबऱ्यावर, कुंकवानं. तिच्या अक्षराचं चित्र कसं करू?"

शिरपूर रस्त्यावर काकींच्या नावानं पाणपोई बांधली. काळ्या दगडावर वर ओंकार, खाली काकींचं नाव. ओंकार नानांनीच टाइप केला. हल्ली दगडही मशीनच कोरतं. दगडवाल्यानं मोबाईलवर नमुना पाठवला, त्यात चौकोन होता. मी म्हटलं, "नाना, एकदा विचारून तरी घ्या." नाना म्हणाले, "मोबाईलवर चौकोनच दिसतो, तूच सांगतेस ना? दगडावर बरोबर येईल."

उद्घाटनाला पडदा सरकवला. काकींच्या नावावर खोल कोरलेला रिकामा चौकोन. दगडवाला म्हणाला, "फाईलमा जे दिखनं तेच कोरं, भाऊ." त्याचं तरी काय चुकलं? पाहुणे पाणी पिऊन गेले. नाना दगडापुढे उभेच होते. मला ते पाहवेना.

नवा दगड करा म्हणून ते मुलांच्या मागे लागले. "लोकांना पाणी मिळतंय ना?" एवढंच मुलं म्हणायची. दुकान केव्हाच त्यांच्या हाती गेलं होतं, नानांना विचारतो कोण. एका दुपारी माझ्याकडे आले, खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "चित्रच दे आता. चिकटवतो." मी स्टिकर काढून दिला. आमच्याकडचं ऊन ते. आठवड्यात स्टिकर वाळून गळायचा, नाना पुन्हा यायचे. उन्हाळाभर हेच चाललं. तो टिकायचा नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

दिवाळीआधी नाना गेले. मुलं त्याच दगडावर त्यांचं नाव कोरून घेणार असं कळलं, तेव्हा मी भीडभाड सोडून सांगायला गेले की आता तरी वरचं दुरुस्त करा. थोरला म्हणाला, "ताई, राहू दे. लोकांना वाटतं, ती चौकट फोटोसाठीच आहे."

परवा तिथं पाणी प्यायले. चौकोनात आता नाना-काकींचा फोटो बसवलाय. फोटो चांगला आहे, येणारेजाणारे हात जोडतात. काकींना लिहिता येत होतं, हे मात्र आता कुणाला कळायचं नाही.