तोकुजीचा भोपळा

जपानातल्या आमच्या फिरत्या नाटक मंडळीत मी पुरुष असून नायिका होतो आणि तोकुजी माझे केसांचे टोप सांभाळायचा. दर महिन्याला नवं गाव. चूल मांडायला सवड कुठली? सुपरमार्केटातले तयार डबे तिथंच गरम करून घ्यायचे आणि रंगपटात बसून खायचे.

बेप्पू गावात मात्र तोकुजीच्या डब्यात बांगड्याचा मधला तुकडा असे आणि वर गोडसर शिजवलेला भोपळा. तो भोपळा मी दुकानात मांडलेला कधी पाहिला नव्हता.

"हे कुठनं पैदा केलंस रे?"

"सुमिएबाईंनी बाजूला ठेवला होता. वर्षानं आलो ना आपण!"

म्हणजे काउंटरमागची ती पांढऱ्या टोपीतली बाई! मी रोज तिच्याकडूनच डबा घ्यायचो, पण "धन्यवाद, पुन्हा या" यापलीकडे ती माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. अख्खं थिएटर माझ्यासाठी रडतं आणि भोपळा या टोपवाल्याला?

दुसऱ्या दिवशी दुपारचा खेळ संपल्यावर मी रंग पुसलाच नाही. किमोनो, टोप, ओठांवर लाली, तसाच दुकानात शिरलो. भाजी निवडणाऱ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. सुमिए हात पुसत धावत आली. चेहरा कसा फुललेला!

"अगंबाई! हा टोप तोकुजींनी विंचरलाय ना? किती सुरेख बसलाय! त्यांना सांगा हं, आजचा भोपळा झकास जमलाय."

आणि त्याचा डबा तिनं माझ्याच हातात दिला.

तोकुजीनं झाकण उघडून अर्धा भोपळा माझ्याकडे सरकवला. तोंडात विरघळला हो! वाईट असता तर बरं झालं असतं.

"जादू करतोस का रे तिच्यावर?"

"छे! आदल्या दिवशीचं जेवण कसं झालं होतं, ते रोज जाऊन सांगतो. बाकी काय?"

महिनाअखेरीस ट्रक भरला. तोकुजीनं सगळे टोप नीट पेट्यांत ठेवले आणि स्वतः मात्र चढला नाही. सुमिए त्याच्या शेजारी उभी होती. मी दोघांना वाकून नमस्कार केला. सुंदर केला, पण आतून जळत होतो.

पुढच्या गावी मी मुद्दाम तिथल्या सुपरमार्केटच्या काउंटरपाशी गेलो.

"बाई, कालची कटलेटं फार छान झाली होती."

"हो का?" ती म्हणाली. "काल माझी सुट्टी होती."