भागीरथीबाईंच्या विहिरीची तगाई

"जमीन हिच्या नावावर नाही. तारण काय घ्यायचं?" तहसीलदारांनी अर्ज माझ्यापुढे टाकला.

निजामी अमलात मी पाथरीकडे गिरदावर होतो, म्हणजे आजचा सर्कल इन्स्पेक्टर. अर्ज तगाईचा होता. तगाई म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज. त्याला जमीन तारण लागे. भागीरथीबाईंना विहीर खोदायची होती. नवरा वारलेला, जमिनीचा पट्टा अजून त्याच्याच नावावर. दीर गणपतराव म्हणत होता, आमची वाटणी झालीच नाही, सगळं मीच कसतो. त्या काळी न वाटलेल्या जमिनीत विधवेला वाटा नसे. हे खरं ठरलं असतं तर बाईंची तगाईही गेली असती आणि शेतही.

पाहणीपत्रकात, म्हणजे कोणाचं रान कोण कसतं त्या नोंदीत, दिराचंच नाव होतं. पटवाऱ्याने ते चावडीत बसून लिहिलेलं. खाली सही माझी, तीही चावडीतच चहा पिता पिता ठोकलेली. मला स्वतःचाच राग आला.

"साहेब, एकदा मोक्यावर जाऊन येतो."

"अपने दस्तखत पर भरोसा नहीं?"

"नाही, साहेब."

शेतात गणपतराव तयारच होता. "समदं मीच करायलोय. चैतात मेंढरंबी मीच बसवली." मेंढरं बसवणं म्हणजे धनगराचा कळप रानात मुक्कामाला ठेवणं. रानाला खत मिळतं, धनगराला ज्वारी.

"मग बिरूला बोलवा की," भागीरथीबाई म्हणाल्या. "दोन शेतं सोडून तर उतरलाय."

बिरू धनगर आला. मी विचारलं, "इथं मेंढरं कोणी बसवली?"

"वैनीनं. ज्वारीबी वैनीच देत्यात."

"आणि हे गणपतराव?"

"त्यांचं रान बांधाच्या पल्याड. तिथली ज्वारी ते देत्यात."

"दोघांची ज्वारी वेगळी?"

"रान येगळं, तर ज्वारी येगळीच न्हवं का?"

वाटणी झाल्याचा याहून चांगला पुरावा कुठल्या कागदात मिळाला असता? गणपतराव बांध ओलांडून आपल्या रानाकडे चालू लागला. मी बांधावर बसूनच पंचनामा लिहिला. पाहणीतली चूक माझी, हेही त्यात घातलं.

वारसनोंद बाईंच्या नावे झाली. तगाईच्या दिवशी तहसीलदारांनी विचारलं, "तारण?"

"जमीन."

"किसकी?"

"माझी," बाई इतक्या ठणकावून म्हणाल्या की दारातला चपराशी आत डोकावला. मला इतका आनंद माझ्या बढतीच्या हुकुमानेही झाला नव्हता.

विहिरीला पाणी लागलं. पाहणी शेतात जाऊन करायची असते, एवढं कळायला मला मात्र नोकरीची नऊ वर्षं लागली.