आठ झाडांना आधी फुलं आली

ते प्रकरण आजही माझ्या मनातून गेलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीच त्याला जाऊ देत नाही. खात्यात तेहतीस वर्षं काढली. दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या, जमावासमोर एकटा उभा राहिलो. पण मला खरी भीती वाटली ती वरूड भागातल्या एका संत्र्याच्या बागेत, भर दुपारी, हातात कसलंही हत्यार नसलेल्या एका म्हाताऱ्या माणसासमोर. नाव यात कोणाचंच देणार नाही. ज्यांचं आहे त्यांना ते माहीत आहे.

मी तेव्हा त्या ठाण्याचा प्रभारी होतो. डोंगराच्या पायथ्याची हद्द, जिकडे पाहावं तिकडे संत्रा. अमरावतीहून दर रविवारी आठ-नऊ पोरं उंच चाकांच्या मोटारसायकली घेऊन तिकडे यायची. डांबरी रस्ता सोडून नाल्यातून, टेकडीवरून गाड्या पळवायच्या हा त्यांचा छंद. टेकडीवर कोणाची हरकत नव्हती. पण टेकडीकडे जाण्याचा जवळचा मार्ग लोकांच्या बागांतून होता. ठिबकच्या नळ्या तुटत, धुरे, म्हणजे शेताचे बांध, ढासळत, बांधलेली जनावरं दावं तोडून पळत. मालक ओरडला की त्याचा व्हिडिओ निघे आणि तो मोबाईलवर गावभर फिरे.

या मालकांपैकी एक जण ठाण्यात तीनदा आला. बडनेऱ्याला रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचा मुकादम होता. निवृत्तीनंतर वडिलांच्या चार एकरांवर बाग लावून तिथेच दोन खोल्यांत बायकोबरोबर राहत होता. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली रेल्वेनं दिलेलं प्रमाणपत्र. माणूस नेमस्त, अर्ज सुवाच्य अक्षरात. तिसऱ्या वेळी त्यानं सांगितलं की पोरांनी त्याला मध्ये उभं करून भोवती गाड्या फिरवल्या, धुळीत त्याला काही दिसेना, आणि आता रविवार उजाडला की बायको आतल्या खोलीला कडी लावून बसते.

मी काय केलं? अदखलपात्र नोंद केली, जिला आम्ही एनसी म्हणतो. तिची नोंद होते, तपास होत नाही. पोरांना बोलावून समज दिली. शिकलेल्या घरची पोरं, 'सॉरी सर' म्हणत हात जोडून उभी राहिली. अशी पोरं ठाण्यातून फार लवकर सुटतात. मला त्या दिवशी बंदोबस्ताला जायचं होतं.

डिसेंबरात अमरावती शहरातल्या ठाण्याकडून आम्हाला बिनतारी संदेश आला. राजापेठेतला पंचवीस वर्षांचा तरुण बेपत्ता. मोटारसायकलीसह. फोनचं शेवटचं लोकेशन आमच्या हद्दीतल्या टॉवरचं. तो त्याच टोळक्यातला होता. त्याची आई घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची, आणि बँकेच्या परीक्षा देता देता तोही आईच्या वर्गात शिकवायचा. मंगळवारी पहाटे एकटाच निघाला होता. रविवारसाठी नवी वाट पाहून येतो, जेवायला घरी आहे, असं आईला सांगून गेला होता.

टॉवरचं लोकेशन म्हटलं की लोकांना वाटतं पोलिसांना बोट ठेवायला जागा मिळाली. खेड्यात एका टॉवरखाली चार-पाच गावं येतात. त्या गावांत विहिरी किती असतील याचा हिशेब तलाठ्यालाही देता आला नसता. बऱ्याच विहिरींना कठडा नाही, वरून गवत झुकलेलं. आम्ही विहिरीमागून विहीर गळ टाकून पाहिली. दोराला बांधलेला लोखंडी गळ पाण्यात फिरवायचा आणि तो कशात अडकतो का ते हाताला कळू द्यायचं. अडकला की दोर हळूहळू वर ओढायचा. वर यायची ती कधी बाभळीची फांदी, कधी जुना पाइप. दर वेळी सुटल्यासारखं वाटायचं, आणि पुढच्या विहिरीवर पुन्हा तेच.

त्या मुकादमाच्या विहिरीतही गळ टाकला. दोर त्यानंच धरला. त्याच्या बायकोनं आम्हाला चहा दिला.  

मित्रांना एकेकाला वेगळं बसवून विचारलं. आधी सगळ्यांचं एकच पाठ केलेलं उत्तर, आमचं कोणाशी भांडण नाही. पाठ केलेल्या उत्तराची एक खूण असते, सगळे एकाच शब्दावर थांबतात. दुसऱ्या दिवशी एक जण रडला आणि म्हाताऱ्याला घेरल्याची गोष्ट त्यानं कबूल केली. त्या वेळी म्हातारा म्हणाला होता, "एखादा मरन इथं." पोरांनी ती धमकी समजली होती. मी मुकादमाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, धमकी नव्हती, भीती होती. मला पटलं. बाग तानावर आहे, म्हणजे बहारासाठी पाणी तोडलेलं आहे, त्यामुळे मी बागेत जातच नाही, असंही तो न विचारता बोलला. विचारल्यापेक्षा जास्त उत्तर देणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. त्या दिवशी माझं मला आठवलं नाही.

मुलाची आई दर सोमवारी एसटीनं यायची. ठाण्याच्या बाकावर पर्स मांडीवर धरून बसायची. कधी आवाज चढवला नाही, कधी पुढाऱ्याचा फोन लावला नाही. जाताना एवढंच विचारायची, काही कळलं का. तिच्या येण्याची वेळ झाली की मी मागच्या खोलीत कागद घेऊन बसायला लागलो. ठाण्याचा प्रमुख एका शिकवणीच्या बाईंना घाबरून लपतो, हे माझ्या जमादारानं पाहिलं होतं. 

जानेवारीच्या मध्यात एक संत्र्याचा दलाल मोबाईल हरवल्याचा दाखला घ्यायला आला. हे लोक बागा पाहत हिंडतात आणि फुलावरच बहाराचा सौदा ठरवतात. जमादार दाखला लिहीत होता आणि तो आपला गप्पा मारत होता. त्या रेल्वेवाल्याचं डोकं फिरलं आहे म्हणाला. पुरी बाग तानावर, पानं कोमेजलेली, आणि कडेच्या ओळीतली आठ झाडं फुलावर आलेली. "तानावरच्या बागेत मधातच पानी सोडते काय कोनी? तेही आठच झाडाइले?"

जमादाराचा पेन थांबला. तो स्वतः बागायतदाराचा मुलगा. संत्र्याला बहार धरायचा तर महिना-दीड महिना पाणी तोडतात, झाड सुकायला आलं की मग एकदम पाणी देतात, आणि सगळी बाग एका वेळी फुलते. मध्येच थोड्या झाडांना पाणी देणं म्हणजे स्वतःचं पीक स्वतः बिघडवणं. कोणताही बागवाला ते करत नाही. जमादार माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाला, "साहेब, नवी भरलेली माती बसवाची असली, तं तिच्यावर पानी सोडतात."

आम्ही दुपारी गेलो. ऊन स्वच्छ होतं. बाग निस्तेज उभी होती, फक्त कडेच्या त्या आठ झाडांवर पांढरी फुलं आणि मधमाश्यांचा आवाज.  पायाखालची माती दाबून पाहण्याचं धाडस मला झालं नाही. हे मी आज कबूल करतो. मुकादम घराच्या दारात उभा राहून आमच्याकडे पाहत होता. पळाला नाही.

त्याला ठाण्यात आणलं. कोणी हात लावला नाही, कोणी आवाजही चढवला नाही. पाणी दिलं आणि मी एकच प्रश्न विचारला, त्या आठ झाडांना पाणी काहून दिलं? त्यानं ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "तुमीच तं म्हनलं होतं, साहेब. चर खोदून घ्या म्हनून."

मला ते आठवत नव्हतं. तिसऱ्या तक्रारीच्या दिवशी जीपमध्ये चढता चढता मी म्हटलं असेल. शेतात गाडी शिरू नये म्हणून आडवा चर खोदणं ही साधी गोष्ट, मी ती अनेकांना सांगितली असेन. पण तो खोटं बोलत नव्हता. 

चार दिवस खपून त्यानं एकट्यानं बागेच्या कडेच्या ओळीलगतच्या वाटेत कमरेएवढा चर खोदला होता. चराच्या अलीकडे काठीला लाल कापड बांधलं होतं, रेल्वेत रूळ उघडला की लावतात तसं. त्या मंगळवारी सूर्य नुकताच वर येत होता आणि पोरगा नेमका सूर्याकडेच तोंड करून येत होता. कापड त्याला दिसलं नसावं. घरात नवरा-बायकोनं गाडीचा आवाज ऐकला, आणि तो एकाएकी बंद झालेलाही ऐकला. "गाडी बंद झाली तं मले बरं वाटलं," तो म्हणाला. पुन्हा घेरतील या भीतीनं तासभर तो बाहेर पडलाच नाही.

गेला तेव्हा पोरगा चरात पडलेला होता, मान वाकडी. मी विचारलं, दवाखान्यात का नेलं नाही, आम्हाला का कळवलं नाही. त्यानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"मी हात लावून पाह्यला, साहेब. थंडा होता. पटरीवरचे कितीक उचलले मी. मेलेला मानूस मले समजते."

तीनदा तक्रार दिलेली, एखादा मरेल असं बोललेला, चर आपल्याच हातानं खोदलेला. आपलं कोण ऐकणार, बायको एकटी पडेल, या भीतीनं त्यानं चर रुंद केला, गाडी आत ढकलली, माती लोटली आणि विहिरीवरची मोटार सुरू करून पाणी सोडलं. झाडं फुलतील हे त्याला माहीत होतं का, असं मी विचारलं. माहीत होतं, म्हणाला. रोज सकाळी जाऊन पाहत होता. पहिल्या कळ्या त्यानं हातानं तोडून टाकल्या होत्या, मग त्या एवढ्या आल्या की तोडणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तहसीलदार आणि दोन पंचांसमोर जागा उकरली. सगळं त्यानं सांगितलं तसंच निघालं, लाल कापडाची काठीसुद्धा. प्रेत अमरावतीला शवविच्छेदनाला पाठवलं. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. मानेला मार होता, पण तेवढ्यानं जीव जाईलच असा नव्हता. श्वासनलिकेत माती होती.

मी फोन ठेवला. डिसेंबरातल्या सकाळी तासभर उघड्यावर पडलेल्या कोणाचाही हात गारच लागेल. नाकाशी बोटं धरायची, एवढंच करायचं होतं. पण इतकी प्रेतं उचललेल्या माणसाला तपासून पाहण्याची गरज वाटली नाही. त्याला हे सांगायला मी जमादाराला पाठवलं, स्वतः गेलो नाही. जमादार परत येऊन म्हणाला, तो भिंतीकडे तोंड करून बसला आहे.

मी अमरावतीला गेलो तेव्हा मुलाची आई शवागाराबाहेर उभी होती. तिनं ओळख पटवली होती, कागदावर सही केली होती. मला पाहून ती जवळ आली आणि विचारलं, "त्याला त्रास झाला का?"

मी म्हटलं, "नाही. जागीच गेला."

तिनं मान हलवली आणि हात जोडले. मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त होऊन अकोल्याला आलो होतो. साक्षीसाठी गेलो. आपल्या सल्ल्याबद्दल उलटतपासणीत विचारतील या धास्तीनं आदली रात्र झोपलो नव्हतो. वकिलानं विचारलं, मी कबूल केलं, ते निभावलं. माझ्यानंतर डॉक्टर साक्षीला उभे राहिले. मुलाची आई मागच्या बाकावर बसली होती. तिनं कोणताच कागद वाचला नव्हता, वर्तमानपत्रं घरात येऊ दिली नव्हती. माझा शब्द तिला पुरला होता. डॉक्टरांनी मातीचं सांगितलं तेव्हा तिनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मुकादमाला शिक्षा झाली. त्याची बायको बहिणीकडे बडनेऱ्याला गेली. बाग कोणी घेतली मला माहीत नाही, मी पुन्हा तिकडे गेलो नाही.

लोक मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. भिऊन तक्रार द्यायला आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवू नका, कारण भ्यालेला माणूस घरी जाऊन काय करील ते त्यालाही ठाऊक नसतं. ही गोष्ट मी तरुण अधिकाऱ्यांना सांगतो. दुसरी सहसा सांगत नाही. त्या म्हाताऱ्यानं भीतीपोटी माती लोटली, आणि मी भीतीपोटीच त्या बाईंशी खोटं बोललो. मला तिच्या दुःखाची दया आली होती असं मी स्वतःला समजावत आलो, पण ते खरं नाही. मला तिचा चेहरा पाहायची भीती वाटत होती.

त्या दिवशी न्यायालयाच्या जिन्यात ती माझ्यासाठी थांबली. आवाज तेव्हाही चढवला नाही. म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतं तर एव्हाना मी ते सोसायला शिकले असते, साहेब. आता पहिल्यापासून सुरुवात करायची."

 ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, आणि रस्त्यापर्यंत तिला सोबत करायचंही मला सुचलं नाही.