धवलारणीच्या पोटातले जंतू

हंसाबाई म्हणजे पंचक्रोशीतल्या लग्नांची धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची पारंपरिक गाणी, गायचे, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. पण गेल्या वर्षी त्यांनी एकामागून एक बोलावणी परतवली.

स्वादुपिंडाची सूज त्यांना सहा वर्षांपासून होती. हा दारुड्यांचा आजार, असं गावात कुणीतरी पसरवलं. दारूला कधी न शिवलेल्या हंसाबाईंना ते पोटदुखीपेक्षा जास्त लागलं. पाचक रसाच्या कॅप्सूल त्या प्रत्येक खाण्याबरोबर नेमानं घेत, तरी पोट फुगे, तेलकट जुलाब होत, पोलकं सैल होत चाललं होतं. त्या एका जागी टिकत नसत. ओटीवरून परसात, परसातून ओटीवर.

शेवटी सून रीमानं त्यांना बोळिंजच्या डॉक्टर उन्नतींकडे नेलं.

"सूज वाढली का?" रीमानं विचारलं.

"मला दुसरीच शंका येतेय," डॉक्टर म्हणाल्या. "स्वादुपिंडाचा रस कमी पडला की अन्न अर्धवट पचतं. मग लहान आतड्यात, जिथं जंतू थोडेच असायला हवेत, तिथं त्यांची गर्दी होते. ते अन्न आंबवतात, गॅस करतात."

"माझे पोटान जंतू?" हंसाबाई दचकल्या.

"सगळ्यांच्याच असतात, मावशी. तुमचे भलत्या जागी वाढलेत की काय, ते बघू."

तपासणी सोपी होती. उपाशीपोटी गोड पाणी प्यायचं आणि दर वीस मिनिटांनी नळीत फुंकायचं. पण तीन तास! हंसाबाई दोनदा दारापर्यंत गेल्या. "मना नाय जमनार." रीमा त्यांच्याबरोबर येरझाऱ्या घालत राहिली.

शंका खरी ठरली. दोन आठवडे औषध घेतल्यावर पोट हलकं झालं. "जंतू पुन्हा वाढू शकतात. सूज तर राहणारच," डॉक्टरांनी बजावलं.

तरीही वटार गावच्या लग्नाला हंसाबाईंनी होकार दिला, आणि आठ दिवस त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. मांडवात चौथ्या गाण्याला पोटात गुडगुडलं. खरं की भीतीच, कळेना. त्यांनी रीमाचा हात घट्ट धरला, आवाज थोडा चढवला. गुडगुड विरली. गाणं पुरं झालं, मग पाचवंही.

आता त्या जवळचीच लग्नं घेतात. दर वेळी आधी विचारतात, "संडास कुठं हाय?" आणि हे विचारायला त्यांना लाज वाटत नाही.